नाशिकला ०.८१२, जळगावला ०.९३५ : आईची हाडं खरंच सुधारली का?

अमळनेरची_बाई

आईचं वय ६७. मागच्या वर्षी ती बहिणीकडे नाशिकला होती तेव्हा कंबर फार धरली, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी डेक्सा करायला सांगितलं, म्हणजे हाडांची घनता मोजतात ते. मणक्याचा आकडा आला ०.८१२, टी-स्कोअर (तरुण बायकांच्या सरासरीपेक्षा हाड किती खाली-वर, तो आकडा) उणे २.१. खुब्याच्या मानेचा टी-स्कोअर उणे २.६, म्हणून अ‍ॅलेन्ड्रोनेटची आठवड्याला एक गोळी सुरू झाली, हाडं मोडू नयेत म्हणून. दर रविवारी उठल्या उठल्या उपाशीपोटी ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. आई इमानेइतबारे घेते. चहाला उशीर होतो म्हणून कुरकुरते, तेवढंच.

यंदा नाशिकला जाणं झालं नाही, तपासणी जळगावला केली. मणका ०.९३५! म्हणजे १५ टक्के वाढ. पण टी-स्कोअर बघितला तर उणे २.०. मी शाळेत गणित शिकवते, तरी हे काही उलगडेना. घनता १५ टक्के वाढते आणि टी-स्कोअर जागचा हलत नाही, हे कसं? खुब्याचा उणे २.५ आलाय.

त्यात भर म्हणून आमच्या गल्लीत शिबिर झालं. तिथे टाच मशीनमध्ये घालून तपासली आणि सांगितलं उणे ३.२, ताबडतोब इंजेक्शन घ्या. इकडे मामा म्हणतात, एवढं वाढलंय तर गोळी कशाला, बंद करा. आमच्या डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यात आहे, त्याआधी मला नीट समजून घ्यायचंय. कुणाला यातलं कळतं का?

पारोळ्याचा_भाऊ

मापात पाप, दुसरं काय! आमचा कापूस घरच्या काट्यावर एक भरतो, जिनिंगच्या काट्यावर दुसरा आणि व्यापाऱ्याच्या काट्यावर तिसराच. तीन मशीन, तीन बिलं. धंदा शे बठ्ठा.

डार्करूम_भुसावळ

राम राम. ताई, आधी भाऊंचं बघतो. भो, इथे काट्याला कुणी बोट लावलेलं नाही. दोन्ही डेक्सा मशीन आपापल्या जागी बरोबर आहेत आणि खरी अडचण तीच आहे. चोर असता तर धरता आला असता.

मी अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवायचो तेव्हापासून या लाइनीत आहे. आता जळगावला एका सेंटरवर मशीनची रोजची तपासणी माझ्याकडे असते. तुमचं स्कॅन आमच्याकडेच झालं का, ते मी विचारत नाही आणि तुम्ही सांगू नका.

रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात मशीनचं नाव असतं, ते बघा. माझा अंदाज, नाशिकचं होलॉजिक आणि जळगावचं ल्युनार. आकड्यावरूनच कळतं. एकाच बाईला सकाळी एका मशीनवर आणि दुपारी दुसऱ्यावर झोपवलं, तरी ल्युनारचा मणक्याचा आकडा होलॉजिकपेक्षा साधारण १३ टक्के वर येतो. तेवढ्या वेळात हाडात काही घडलेलं नसतं.

असं का होतं? डेक्सात दोन वेगवेगळ्या ताकदीचे क्ष-किरण लागतात. हाड आणि मांस ते वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात, त्या फरकातून हाडातलं खनिज किती ते काढतात. आता या दोन ताकदी बनवायची रीतच दोघांची निराळी. एक कंपनी ट्यूबचा व्होल्टेज झपाझप खालीवर करते, दुसरी व्होल्टेज स्थिर ठेवून खास धातूच्या गाळणीतून किरणांचे दोन गट पाडते. पुढे सॉफ्टवेअर ठरवतं की हाडाची कड कुठे संपली आणि मांस कुठे सुरू झालं. ही रेघ जराशी बाहेर पडली की क्षेत्रफळ वाढलं आणि भागाकार बदलला. घनता म्हणतात खरी, पण छापलेलं एकक ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर आहे, घन नाही. सावलीचं माप आहे ते. म्हणूनच बारीक चणीच्या बाईचं हाड चांगलं असलं तरी आकडा थोडा कमी दिसतो.

टी-स्कोअर का हलला नाही? कारण तो त्याच कंपनीने धरलेल्या तरुण बायकांच्या सरासरीशी ताडून काढतात. ल्युनारची सरासरीही वरच आहे. आकडा वर, सरासरीही वर, वजाबाकी तिथल्या तिथे. तुमच्या गणितात चूक नाही ताई, १५ टक्के काढताना तुम्ही दोन वेगळ्या पट्ट्यांवरची मापं एकमेकांतून वजा केलीत.

दोन्ही आकडे एका पट्टीवर आणायचं सूत्र १९९४ सालापासून आहे. होलॉजिकच्या मणक्याला १.०७५५ ने गुणायचं, ल्युनारच्या मणक्याला ०.९५२२ ने, आणि मग हजाराने. तुमच्या आईचं :

नाशिक : ०.८१२ × १.०७५५ × १००० = ८७३
जळगाव : ०.९३५ × ०.९५२२ × १००० = ८९०

वाढ १५ नाही, जेमतेम २ टक्के. हे सूत्र मुळात कंबरेच्या दुसऱ्या ते चौथ्या मणक्यासाठी, बऱ्याच लोकांच्या सरासरीवर बसवलेलं आहे. एका माणसाला ते काटेकोर लागू पडेल असं नाही. अंदाजाला ठीक आहे, याच्यावर औषध बदलायचं नाही.

आता ही २ टक्के तरी खरी आहे का? एकाच मशीनवर, एकाच टेक्निशियनने, त्याच बाईला टेबलावरून उतरवून परत झोपवलं तरी आकडा तोच येत नाही. चांगल्या सेंटरने हा आपला स्वतःचा डगमगाट मोजून ठेवलेला असतो. ३० जणांचं दोनदा किंवा १५ जणांचं तीनदा स्कॅन करायचं, दर वेळी टेबलावरून खाली उतरवायचं, मग हिशेब. मणक्याला हा डगमगाट १.९ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा असा नियम आहे. त्याला २.७७ ने गुणलं की ५.३ टक्के येतात. फरक त्याच्या आत असेल तर हाड बदललं असं ठामपणे म्हणता येत नाही. आणि हे झालं एकाच मशीनचं. दोन वेगळ्या कंपन्यांची मशीन असतील तर तीच ३० माणसं दोन्हींवर ६० दिवसांच्या आत झोपवून ताळा काढावा लागतो. नाशिक आणि जळगावच्या सेंटरांनी मिळून असं काही केलं असेल, हे स्वप्नातही आणू नका.

टाचेच्या मशीनचं सोडून द्या. त्यात क्ष-किरण नसतातच. हाडातून आवाजाच्या लहरी किती वेगाने जातात आणि किती विरतात, ते बघतात. हाडं ठिसूळ झाली म्हणायची उणे २.५ ची रेघ डेक्सासाठी आखलेली आहे, टाचेच्या आवाजाला ती लावायची नसते, आणि औषधाचा गुण आला का हे तर त्यावर बघायचंच नाही. शिबिरवाल्यांचं इंजेक्शन तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

एक काम करा. दोन्ही रिपोर्टांवर मणक्याचं छोटं चित्र आणि प्रत्येक मणक्याचा वेगळा आकडा असतो. कंबरेच्या वरून पहिल्या चार मणक्यांना एल-१ ते एल-४ म्हणतात, ते चारही लिहा. आणि चित्रात कुठे जास्त पांढरं दिसतंय का, ते सांगा.

अमळनेरची_बाई

काका, मशीनची नावं तुम्ही म्हणालात तशीच निघाली! चित्र मोबाइलवर मोठं करून बघितलं. आकडे असे :

नाशिक : ०.७४१, ०.७८९, ०.८३०, ०.८६५
जळगाव : ०.८६०, ०.८९०, ०.९००, १.०६०

जळगावच्या चित्रात चौथ्या मणक्यावर आडवी, बारीक, पांढरीफटक रेघ आहे. नाशिकच्या चित्रात तसं काही नाही. आईला विचारलं तर म्हणाली, "नाशिकच्या पोरीने गाऊन दिला होता. जळगावला म्हणाले मावशी, पदर नीट घ्या आणि झोपा."

डार्करूम_भुसावळ

घ्या, सापडली. ती साडीची सेफ्टीपिन असणार. निऱ्या खोचून वर पिन मारतात ना, ती जागा बरोबर चौथ्या मणक्यावर येते.

आपल्याकडे बायका टेबलावर येतात तेव्हा कंबरेला काय काय असतं ते मी रोज बघतो. चाव्यांचा जुडगा, कंबरपट्टा, पैशाचा बटवा, परकराच्या नाडीत अडकवलेली जास्तीची पिन. जरीचा काठसुद्धा चित्रात उमटतो. मावशींना गाऊन घालायला सांगायचं तर त्या लाजतात, पोरगा टेक्निशियन असला तर तो त्यांच्यापेक्षा जास्त लाजतो, आणि बाहेर रांग असते. मग "असू द्या" होतं. आम्ही हल्ली या कामाला बाईच ठेवली आहे, निम्मा त्रास तिथेच संपला.

सकाळी घेतलेली कॅल्शियमची गोळीही विरघळली नसेल तर पोटात गोल ठिपका म्हणून दिसते आणि मणक्यावर आली तर आकडा फुगवते. आठवडाभरात बेरियम पाजून एक्स-रे काढला असेल किंवा सीटीचं रंगाचं औषध दिलं असेल, तर डेक्सा पुढे ढकलावं. वय झाल्यावर मणक्याच्या कडांना जी झीज होऊन हाड वाढतं, त्यानेही आकडा वर जातो, आणि ते काही हाड मजबूत झाल्याचं लक्षण नव्हे. दबलेला मणकाही तसाच. तेवढंच खनिज कमी जागेत, म्हणून घनता जास्त! साठी-पासष्टी ओलांडलेल्या माणसाचा मी आधी खुबा बघतो, मणका नंतर.

खुब्यातही गोम आहेच. पाय आतल्या बाजूला १५ ते २५ अंश वळवून तिकोनी ठोकळ्याला बांधावा लागतो, तेव्हा मांडीच्या हाडाची मान सपाट समोर येते. आतल्या बाजूचा छोटा उंचवटा चित्रात अगदी जरासा दिसला पाहिजे. टपोरा दिसला तर पाय पुरेसा वळलेला नाही, मान तिरकी पडली, आकडा बदलला. गुडघे दुखणाऱ्या बाईचा पाय तेवढा वळवायचा म्हणजे हातात कसब लागतं.

आता तुमचं. शेजारच्या मणक्यापेक्षा टी-स्कोअर एकने जास्त पुढे असेल तर तो मणका हिशेबातून काढायचा असतो. रिपोर्टात प्रत्येक मणक्यासमोर टी-स्कोअर असतो, जळगावचा एल-३ आणि एल-४ ताडून बघा. मग दोन्हीकडचा एल-४ सोडून द्या. मात्र उरलेल्या तिघांची सरासरी काढू नका. समोर क्षेत्रफळ आणि खनिजाचे ग्रॅमही छापलेले असतात. तिघांचे ग्रॅम मिळवा, तिघांचं क्षेत्रफळ मिळवा, मग भागा.

अमळनेरची_बाई

एल-३ चा उणे २.५, एल-४ चा उणे १.२. एकपेक्षा जास्त फरक आहेच.

भागाकार केला. नाशिक ०.७९०, जळगाव ०.८८५. तुमच्या सूत्राने ८५० आणि ८४३. म्हणजे वाढलंच नाही? उलट कमी झालं? मग गोळीचा उपयोग काय झाला?

डार्करूम_भुसावळ

८५० आणि ८४३ मध्ये एक टक्काही फरक नाही, तो दोन्ही बाजूंनी शून्यच धरा. आणि उपयोग झाला नाही असं कोण म्हणालं? त्या गोळीचं काम हाड मोडू न देणं हे आहे. या वयात औषधाविना हाड घसरत जातं, आहे तिथे टिकलं तरी डॉक्टर समाधानी असतात. वाढलं म्हणून मामांनी गोळी सोडायला सांगितली, घटलं म्हणून तुम्ही सोडाल. दोन्ही एकाच चुकीच्या आकड्यावर. गोळीचं काय ते डॉक्टर ठरवतील.

पुढच्या वेळी काय करायचं ते सांगतो. जिथे पुन्हा पुन्हा जाणं जमेल असं एकच सेंटर धरा. अमळनेरहून जळगाव सोयीचं असेल तर जळगाव. आत्ता आहे त्याच मशीनवर, गाऊन घालून, मणका परत काढून मागा. पिन त्यांनीच राहू दिली आहे, चित्र दाखवलंत तर बहुतेक पैसे मागणार नाहीत. तो आकडा पुढच्या सगळ्या तुलनेचा पाया. नाशिकचा कागद फाइलमध्ये राहू द्या, पण वजाबाकीत घेऊ नका.

आणि काउंटरवर दोन गोष्टी विचारा. तुमच्या सेंटरचा मणक्याचा डगमगाट किती, आणि आज सकाळी फँटम लावला होता का. फँटम म्हणजे प्लास्टिकच्या ठोकळ्यात बसवलेले खोटे मणके. त्याची घनता ठरलेली असते. रोज पहिल्या पेशंटच्या आधी तो स्कॅन करून आलेखावर ठिपका टाकायचा, दीड टक्क्यापेक्षा जास्त सरकला की थांबायचं. मे महिन्यात भुसावळ-जळगावला ४५ अंश होतं, लाइट जाते, एसी बंद पडतो, खोली तापते. तेव्हा त्या आलेखाकडे माझा एक डोळा कायम असतो. "फँटम म्हणजे काय?" असं काउंटरवालीने विचारलं तर हरकत नाही. टेक्निशियनने विचारलं तर उठा आणि दुसरं सेंटर बघा.

केळीबाग_रावेर

काका, याच्याशीच मिळतं म्हणून इथेच विचारतो. वडिलांच्या छातीच्या सीटीत उजव्या फुफ्फुसात गाठ निघाली, भुसावळला ७ मिलिमीटर. सहा महिन्यांनी संभाजीनगरला परत काढलं, ९ मिलिमीटर. मी हिशेब केला, व्यास ७ चा ९ म्हणजे आकारमान दुप्पट झालं. घरात कुणाला जेवण जात नाहीये. हे पण मशीनचंच असू शकतं का?

डार्करूम_भुसावळ

दादा, डेक्सा माझा प्रांत, फुफ्फुसाच्या गाठीवर मी बोलणार नाही. धुळ्याचे डॉक्टर इथे असतात, त्यांना साद घाला. तोवर एकच सांगा, दोन्ही वेळी स्लाइस, म्हणजे सीटी शरीराचे जे आडवे काप दाखवतं ते, किती जाडीचे होते? फिल्मच्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं.

केळीबाग_रावेर

भुसावळ ५ मिलिमीटर. संभाजीनगर १ मिलिमीटर.

रेडिओ_धुळे

असू शकतं, पण मशीनचंच आहे असं मी इथून म्हणणार नाही. आधी तुमचा हिशेब : ९ चा घन भागिले ७ चा घन म्हणजे २.१. दुप्पट बरोबर. लहान गाठीत व्यासाची दोन मिलिमीटरची चूक आकारमानात अशी फुगते, म्हणून मोजणीत इतकी काळजी.

५ मिलिमीटरच्या स्लाइसमध्ये ७ मिलिमीटरची गाठ जेमतेम दोन चित्रांत येते. वरच्या आणि खालच्या टोकाला निम्मी गाठ आणि निम्मी हवा एकाच ठिपक्यात मिसळते, कड फिकी पडते, मोजणारा आत मोजतो. १ मिलिमीटरला तीच कड स्वच्छ दिसते. त्यात एकीकडे चित्र कड टोकदार करणाऱ्या पद्धतीने बनवलेलं आणि दुसरीकडे मऊ पद्धतीने बनवलेलं असेल, तर आणखी फरक. फुफ्फुसाच्या विंडोत (विंडो म्हणजे चित्राच्या उजेड-अंधाराची मांडणी) गाठ मोठी दिसते, छातीच्या मधल्या भागाच्या विंडोत लहान. वडिलांनी एकदा श्वास पूर्ण भरून धरला आणि दुसऱ्यांदा अर्धाच, तरी फरक. शिवाय मोजणारे डॉक्टर दोन.

फ्लाइश्नर सोसायटी या छातीच्या इमेजिंगवरच्या तज्ज्ञांच्या संस्थेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आम्ही वापरतो. त्यात लांबी आणि रुंदीची सरासरी घ्यायची, पूर्ण मिलिमीटरमध्ये लिहायची, स्लाइस दीड मिलिमीटर किंवा त्याहून पातळ हवेत, आणि २ मिलिमीटर किंवा जास्त वाढली तरच वाढ म्हणायची. तुमचा फरक नेमका त्या रेघेवर आहे, म्हणून हसण्यावारी नेऊ नका. पण जाड आणि पातळ स्लाइसच्या मापांची वजाबाकी करूनही निर्णय घेऊ नका.

भुसावळच्या सेंटरला आजच फोन करा. स्कॅन ५ मिलिमीटरला छापलं असलं तरी आजकालच्या मशीनवर मुळातला डेटा पातळ असतो. तो त्यांनी ठेवला असेल तर त्यातून पातळ स्लाइस काढून मिळतात. किती दिवस ठेवतात हे सेंटरवर असतं, म्हणून आजच. दोन्हीकडच्या सीडी मागा. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो नको, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या तशा फोटोंवर मिलिमीटर सांगा म्हणणारे मला रोज भेटतात. मग एकाच रेडिओलॉजिस्टला दोन्ही स्कॅन शेजारी शेजारी लावून, त्याच विंडोत, स्वतःच्या हाताने मोजू द्या. गाठीत कॅल्शियम आहे का तेही विचारा, आपल्याकडे जुन्या टीबीचा भरून आलेला डाग पुष्कळांच्या छातीत असतो. आणि वडिलांना आधी कुठला कॅन्सर झालेला असेल तर हे नियम लागू नाहीत, थेट छातीच्या डॉक्टरांकडे जा.

डार्करूम काकांच्या मुद्द्याला एक पुरवणी. सीटीचे उजळपणाचे आकडे सगळीकडे सारखे असतात असा डॉक्टरांचाही समज असतो, कारण पाणी शून्य आणि हवा उणे हजार हे सगळ्या मशीनवर बांधून दिलेलं आहे. त्या दोन खुंट्यांच्या पलीकडे मोकळं रान. हृदयाच्या कॅल्शियम स्कोअरमध्ये १३० च्या वरचं ते कॅल्शियम धरतात, पण ती रेघ १२० किलोव्होल्ट आणि ३ मिलिमीटर स्लाइससाठी ठरलेली. कुणी किरणं कमी लागावीत म्हणून १०० किलोव्होल्टवर काढलं की तेच कॅल्शियम जास्त उजळ दिसतं आणि स्कोअर चढतो. हेतू चांगला, पण त्यासाठी रेघही हलवावी लागते.

पारोळ्याचा_भाऊ

डॉक्टरसाहेब, मग सरकार सगळ्या मशीनले एकच माप का लावत नाही? एईआरबीचा, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाचा, परवाना असतो ना भिंतीवर?

रेडिओ_धुळे

तो परवाना प्रामुख्याने किरणं सुरक्षित आहेत का यासाठी. तो हवाच. पण त्यावरून धुळ्याचा ०.९ आणि जळगावचा ०.९ एकच आहे असं ठरत नाही.

केळीबाग_रावेर

भुसावळला फोन केला. डेटा आहे म्हणाले, पातळ स्लाइस काढून सीडी उद्या दुपारनंतर देतो. संभाजीनगरची सीडी भाचा घेऊन येतोय. धुळ्यात तुमच्याकडे कधी आणू?

रेडिओ_धुळे

शनिवारी सकाळी. वडिलांना आणायची गरज नाही, सीडी पुरेत. आणि पूर्वीचा छातीचा कुठलाही एक्स-रे असेल, कितीही जुना, तो घेऊन या.